सुकदेवचं प्रेशर उतरलं

नवरा काय करतो असं कोणी विचारलं की कावेरी "बॉयलरवर असतात" एवढंच सांगायची आणि गप्प व्हायची. बॉयलर म्हणजे काय हे समजावून सांगायचं काम सुकदेवचं. त्याच्यापुढे तो विषय निघाला की समोरच्याचा चहा गार व्हायचा, पण सुकदेव काही त्याला सोडायचा नाही.

माणसं मूळची साक्रीकडची. चौऱ्याऐंशी साली सिल्वासात कारखान्यांवर कारखाने उठत होते, तेव्हा सुकदेव इथं आला आणि आमलीतल्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात लागला. आधी कोळसा मारायला, मग परीक्षा देऊन, सर्टिफिकेट काढून, बॉयलर चालवायला. रंगाच्या कढयांना वाफ लागते, ती सुकदेव द्यायचा. बॉयलरवर एक तबकडी, तबकडीत काटा, काट्याच्या वाटेवर एक लाल रेघ. काटा रेघेला भिडू द्यायचा नाही, हे त्याचं सगळं शास्त्र. "शेठ आठ दिवस नसला तरी कारखाना चालतो, मी एक पाळी नसलो तर कापड कोरंच राहतं," असं तो म्हणायचा. फुशारकी होती खरी, पण खोटी नव्हती. कारखान्याच्याच चाळीत त्यांना खोली होती, मुलगी रोहिणी लग्न होऊन नवापूरला गेली होती, आणि नवरा-बायकोचं बरं चाललं होतं.

त्र्याण्णव साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवता जेवता सुकदेवच्या हातातून भाकरीचा तुकडा पडला. त्यानं तो उचलला, पुन्हा पडला. कावेरी हसली. "आता काय भरवू का तुम्हाले?" म्हणाली. त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं तर तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं आणि आतून नुसती लाळ. त्या हसण्याचं तिला पुढे इतकं वाईट वाटलं, की ते तिनं रोहिणीलासुद्धा कधी सांगितलं नाही.

दवाखान्यात मोजलं तर प्रेशर दोनशेच्या वर. उजवा हात लुळा, जीभ जड. पण माणूस चिवट. महिनाभरात बोलणं परत आलं, जरा चिकट, पण समजायचं. पाय चालायला लागला. उजव्या हातात पेला धरता येऊ लागला, सुई नाही, पण पेला. चाळीतली माणसं म्हणाली, जिवावरचं बोटावर निभावलं.

वापीला तेव्हा दर गुरुवारी मुंबईहून मेंदूच्या एक डॉक्टरीणबाई येत, सुलभा पाटणकर. दाखवायला म्हणून दोघं गेली. बाईंनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, आणि मग मानेला लावली. कावेरीनं जन्मात कोणा डॉक्टरला मानेला नळी लावताना बघितलं नव्हतं. बाई एका बाजूला ऐकत राहिल्या, मग दुसऱ्या बाजूला, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मुंबईला पाठवून मानेची तपासणी करवून घेतली आणि पुढच्या खेपेला दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं.

"मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या नळ्या मानेतून जातात. यांची डावीकडची जवळजवळ बंद झाली आहे, आणि उजवीकडचीही बरीच चोंदली आहे. थोडंफार रक्त वर पोचतंय ते प्रेशरच्या जोरावर. बाकी सगळ्यांना मी सांगते, प्रेशर उतरवा. तुम्हाला सांगते, उतरवायची घाई करू नका. वरचा आकडा दीडशे-एकशेसाठच्या आसपास राहू दे. रोज ही एकच गोळी, जास्त नाही."

"आन् मंग कधी उतरवायचं?" कावेरीनं विचारलं.

"नळीचं ऑपरेशन मुंबईत होतं. जोखमीचं आहे, पण दिवाळीनंतर विचार करू. तोवर सांभाळा. उभं राहिल्यावर चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, हात थरथरायला लागला, तर गोळी बंद करायची आणि मला येऊन दाखवायचं. लक्षात राहील ना, कावेरीबाई?"

राहील, म्हणाली ती. आणि राहिलंही. लक्षात राहिलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढे फार वाटायचं.

परतीच्या बसमध्ये दादरा ओलांडेपर्यंत सुकदेव बाईंनी लिहून दिलेला गोळीचा कागद उलटसुलट करत होता. मग एकदम उसळला.

"बॉयलरवाल्याले प्रेशर शिकवते का ती बाई?"

"अहो, हळू बोला."

"हळू काय? इन्स्पेक्टर येतो वर्षातून, तो जुन्या बॉयलरचं काय करतो, सांग? दाब उतरवून देतो. दहावर चालणारा बॉयलर म्हातारा झाला की म्हणतो, याले आता आठवर चालवा. नऊ वर्षं झाली मी हेच करतो. आन् ही म्हणते जुन्या बॉयलरले चढं प्रेशर ठेव!"

"नळी चोंदली म्हणाल्या त्या."

"चोंदलेल्या नळीत जोर करून वाफ घातली तर चिंधड्या उडतील चिंधड्या! तुले काय समजतं त्यातलं?"

कावेरीला त्यातलं खरंच काही समजत नव्हतं. बॉयलर विझवून, थंड करून, नळ्या घासून पुन्हा पेटवता येतो, माणूस मधे थंड पडू देता येत नाही, हे उत्तर तिला सुचलं, पण फार उशिरा. तेव्हा ते ऐकायला सुकदेव धड राहिला नव्हता.

माझं म्हणाल तर, माणूस अडाणी असला तर परवडला. अडाण्याला आपल्याला कळत नाही एवढं तरी कळतं. एकाच गोष्टीतलं ज्याला उत्तम कळतं, तो तीच पट्टी घेऊन सगळं जग मोजायला निघतो. सुकदेवचं तसं झालं.

तरी कदाचित त्यानं ऐकलं असतं. महिना-दोन महिन्यांचा तर प्रश्न होता. पण नवरात्र उलटलं आणि योगेश घरी आला. योगेश म्हणजे त्याच्या हाताखाली कोळसा मारणारा, त्यानंच शिकवून परीक्षेला बसवलेला. आता सुकदेवच्या जागी तोच बॉयलर बघत होता. पोरगा सरळ होता. पाय ओढत आत आला, पाण्याचा पेला हातात धरून नुसताच बसला.

"दादा, शेठ म्हणत होता, लाभपाचमीले बॉयलर कोण पेटवणार ते ठरवून टाका."

इथले सगळे कारखाने गुजराती शेठांचे. दिवाळीला बंद होतात आणि लाभपाचमीच्या मुहूर्तावर उघडतात. त्या दिवशी बॉयलरची पूजा होते, नारळ फुटतो, आणि जो बॉयलर पेटवतो तो वर्षभर त्या बॉयलरचा धनी. सुकदेवनं आजवर एकही लाभपाचम चुकवली नव्हती. दुसऱ्यानं पेटवला की मग चाळीतली खोलीही दुसऱ्याची, हे योगेशनं सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुकदेव कावेरीला घेऊन कारखान्याच्या डॉक्टरांकडे गेला, कामावर परत घ्यायला त्यांची सही लागायची. त्यांनी मोजलं, एकशेसत्तर. डॉक्टर म्हणाले, "एकशेचाळीसच्या खाली आणा, लगेच सही देतो. त्याशिवाय बॉयलरवर नाही. तिथं तुम्ही पडलात तर शंभर माणसं जातील." बोलणं काही चुकीचं नव्हतं. कावेरी वापीच्या बाईंचं नाव काढणार, तेवढ्यात सुकदेवनं तिच्या पायावर पाय दिला. बाहेर आल्यावर म्हणाला, "मानेचं बोलायचं नाही. मानेचं कळलं तर कायमचं घरी बसवतील."

पाण्यात राहून माशाशी वैर कोण धरणार? ती गप्प बसली.

मग सुरू झालं प्रेशर उतरवणं. मीठ बंद. पापड, लोणचं बंद. बाईंनी दिलेली एक गोळी, ती त्यानं स्वतःच दोन केली. तरी काटा दीडशेवर अडून बसला. शेजारच्या खोलीत प्रमिला राहायची, कोकणातली, नवरा शाळेत मास्तर. तिनं सांगितलं, "अगो, बाजारात तानूबाई बसते ना, रांधा गावची, जंगलातल्या मुळ्या विकणारी. तिच्याकडे सर्पगंधेचं मूळ मिळतं. आमच्या मामंजींचं प्रेशर त्यानंच उतरलं."

कावेरी गेली. तानूबाईनं मूळ काढून दिलं आणि सहाणेवर किती वेढे उगाळायचं ते बोटांनी दाखवलं. "जास्त नको. झोप येल," म्हणाली. "दुसरा कंचा दवा चालू हाय का?"

"नाही," म्हणाली कावेरी.

आता ती काही लबाड बाई नव्हती. पण चाळीत ही रीतच होती. डॉक्टरला मुळीचं सांगायचं नाही, तो ओरडतो. मुळीवालीला गोळीचं सांगायचं नाही, ती मूळ देत नाही. दोघांचं औषध घ्यायचं आणि ज्याचा गुण येईल त्याचा. अशानं किती जणांचं बरं झालं कोण जाणे, पण रीत सगळे पाळायचे.

मूळ घरी आणलं आणि मग मात्र तिचा हात अडला.

"मी नाही उगाळणार," ती म्हणाली. "बाईंनी सांगितलंय उतरवू नका म्हणून. दिवाळीनंतर ऑपरेशन होईल, मंग बघू."

"तोवर योगेश पेटवेल बॉयलर."

"पेटवू द्या की! खोली गेली तर गेली. साक्रीले जाऊ."

"साक्रीले जाऊन काय करू? या हातानं निंदणी करू?" त्यानं उजवा हात वर केला. मग तिच्याशी न बोलता सहाण ओढली, मुळीचा तुकडा घेतला आणि उगाळायला बसला. तुकडा बोटांतून निसटला. उचलला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा सहाणच मांडीवरून घसरली आणि पाणी सगळीकडे झालं. त्यानं मान वर केली नाही. ओल्या फरशीवर हात फिरवून तो मुळीचा तुकडा शोधत राहिला.

कावेरीला बघवेना. अंगावर धावून यावं तशी ती आली, सहाण हिसकावून घेतली आणि उगाळून वाटी त्याच्यासमोर आदळली. "घ्या! प्या!" म्हणाली. त्या दिवसापासून रोज सकाळी तीच उगाळायची. पुढे पुढे तर तानूबाईनं दाखवलेल्यापेक्षा चार वेढे जास्तच.

सुधाकर कंपाउंडर बसस्टँडजवळ एका दवाखान्यात असायचा, तो फुकट प्रेशर मोजून द्यायचा. आठवड्यानं मोजलं, एकशेचाळीस. "वा सुकदेवभाऊ!" सुधाकर म्हणाला. पुढे एकशेतीस. कावेरीला आनंद झाला, खोटं कशाला बोला. घरी येताना तिनं त्याच्यासाठी पेरू घेतले. आपण उगीच भीत होतो, बाई मुंबईच्या, त्यांना काय ठाऊक इथलं मूळ, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

पण डोळे होते ना तिला. सुकदेव दिवसाही पेंगायला लागला. नळावर रांगेत उभा असला की उजवा हात कोपरापासून आपोआप फडफडायचा, बसला की थांबायचा. एकदा भर दुपारी खाटेवरून उठला आणि दारात उभा राहून म्हणाला, "दिवे गेले का गं?" बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. कावेरीनं त्याला धरून खाटेवर बसवलं.

"उद्या गुरुवार आहे. वापीले चला."

"वापीले गेलो की ती बाई गोळी बंद करणार. प्रेशर चढणार. आन् मंग सही कोण देणार, तुझा बाप?" मग तिचा चेहरा बघून जरा नरमला. "अगं, मूळ थंड असतं. अशक्तपणा आहे हा. लाभपाचम होऊ दे, दुसऱ्या दिवशी तू म्हणशील तिथं येतो. आईची आण."

तिनं मानलं. नको मानायला होतं. तिच्या पायांत बळ होतं, वापीची बस दारावरून जात होती, एकटीनं जाऊन बाईंना विचारता आलं असतं. हे तिला पुढे कोणी सांगावं लागलं नाही, रोज तीच स्वतःला सांगत बसायची.

दिवाळीच्या तोंडावर कारखान्याच्या डॉक्टरांनी मोजलं. एकशेअठरा. त्यांनी पुन्हा मोजलं आणि हसले. "हे तर तरण्या पोराचं प्रेशर झालं. काय केलंत काय?"

"पथ्य," सुकदेव म्हणाला.

सही मिळाली. सुकदेव चाळभर पेढे वाटत फिरला. प्रमिलेला दोन दिले. योगेशनं पाया पडून "दादा, सुटलो बघा," म्हटलं, आणि त्याला खरंच सुटल्यासारखं वाटलं असणार. संध्याकाळी सुकदेव बॉयलरखान्यात जाऊन विझलेल्या बॉयलरला हात लावून आला. असा हसरा कावेरीनं त्याला पोळ्यानंतर पहिल्यांदा बघितला. तिलाही वाटलं, झालं, टळलं.

नरकचतुर्दशीला पहाटे तिनं त्याला पाटावर बसवलं. तेल चोळलं, उटणं लावलं. आजारपणात अंग वाळलं होतं, बरगड्या हाताला लागत होत्या. चुलीवर हंडाभर पाणी उकळत होतं. ती विसण घालायला लागली तर तो म्हणाला, "थंड नको करू. वाफेच्या माणसाले कढतच पाणी पाहिजे." अंग लाल होईपर्यंत तिनं तांब्यामागून तांब्या ओतला. तो डोळे मिटून बसला होता, सुखात होता. चाळीत पोरं फटाके उडवत होती.

"बस," म्हणाला आणि उठला.

उभा राहिला, भिंतीकडे हात नेला, पण भिंत त्याच्या हाताला सापडली नाही. "कावेरी, दिवा..." एवढं बोलला आणि सरळ खाली गेला. तिला वाटलं, तेलावरून पाय घसरला. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, हाका मारल्या. त्याचे डोळे उघडे होते, तिच्याकडेच बघत होते. ओठ हलत होते आणि त्यातून आवाज म्हणून काही येत नव्हता.

योगेशनं टेम्पो आणला. वापीला नेईपर्यंत उजाडलं. तिथल्या डॉक्टरनं प्रेशर मोजलं, नव्वद. त्यानं घाईघाईनं बाटली लावली, खाटेचं पायथ्याकडचं टोक वर उचललं. दिवाळीमुळे पाटणकरबाई दोन दिवसांनी आल्या. त्यांनी सुकदेवला तपासलं, पायाला टोचून बघितलं, "माझा हात दाबा" म्हणाल्या. उजवी बाजू पूर्ण गेली होती. डाव्या हातानं त्यानं दाबला. "जीभ बाहेर काढा," म्हणाल्या. त्याला ऐकू येत होतं, समजत होतं, पण जीभ कशी काढायची तेच त्याला सापडत नव्हतं.

बाई कावेरीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वाचा यायची नाही आता. उजवा हात-पायही नाही. ऑपरेशनचा प्रश्नच राहिला नाही. जिवाचंही मी काही सांगू शकत नाही." मग पुन्हा खाटेजवळ येऊन उभ्या राहिल्या. "मला एवढं सांगा, प्रेशर इतकं खाली आलं कसं? माझ्या एका गोळीनं हे होणार नाही. आणखी काय चालू होतं?"

खोटं बोलायचं बळ कावेरीत उरलं नव्हतं. तिनं सगळं सांगितलं. कारखाना, सही, दोन गोळ्या, तानूबाईचं मूळ, कढत पाणी. "तुमी सांगितलेलं सगळं माह्या ध्यानात होतं, बाई," ती म्हणाली. "हात थरथरताना बघितला मी. अंधारी आलेली बघितली. तरी मीच उगाळलं. रोज मीच दिलं. मीच मारलं यांना."

खाटेवर काहीतरी धपकन वाजलं. दोघींनी वळून बघितलं. सुकदेवचा डावा हात वर उचलला गेला आणि त्याच्या स्वतःच्या छातीवर आपटला. पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. घशातून कसलासा आवाज येत होता, मान नाही-नाही अशी हलत होती, आणि डोळे कावेरीवर होते.

"त्रास होतोय का त्यांना?" बाईंनी विचारलं.

"नाही," कावेरी म्हणाली. "ते म्हणताहेत, मी केलं." आणि त्याच्यावर ओणवून ओरडली, "खोटं! उगाळलं कोणी? मी उगाळलं!"

हात आपटतच राहिला. छातीवर लाल वळ उठला. बाईंनी धरायला बघितलं तर त्यानं हात हिसकावून घेतला. सगळ्या अंगात तेवढाच एक चालता हात राहिला होता आणि तो त्यानं ह्याच कामाला लावला होता. वॉर्डातले लोक उठून बघायला लागले. कावेरीला त्याचा राग आला, भयंकर राग आला. जन्मभर आपलंच खरं करत आलेला माणूस, आता हेही तिच्याकडून काढून घ्यायला निघाला होता.

मग तिनं त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"बरं," ती म्हणाली. "तुम्हीच."

तेव्हा कुठे तो हात थांबला.